भिंगरीने मोजलेलं शून्य

आमच्या जिन्यात दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या त्या गृहस्थाचं कागदोपत्री नाव काय, हे एकट्या पोस्टमनदादांना ठाऊक होतं, आणि तेही आता निवृत्त झाले. बाकी सगळ्यांसाठी तो भिंगरी. वय त्रेपन्न, केस निम्मे, आणि पाय असे की एका जागी ठेवले तर त्यांना मुंग्या नव्हे, मुंगळे येतात. भिंगरी उभ्याने जेवतो. बुटाची नाडी चालता चालता बांधतो. त्याच्या लग्नाचे चार फोटो भिंतीवर आहेत. तिनांत तो हललेला आहे, चौथ्यात नाहीच. बायको एकटी हसतेय, बाजूला रिकामी खुर्ची.

ही बायको गाडी चालवायला शिकवते. सगळं आयुष्य शेजारच्या सीटवर बसून लोकांना "ब्रेक, ब्रेक, अहो ब्रेक!" म्हणण्यात गेल्यामुळे नवऱ्याचं तिला काही वाटत नाही. "माझ्याकडे आलेला प्रत्येक माणूस तीन आठवड्यांत थांबायला शिकतो," ती जिन्यात सांगते, "हे एकच गिऱ्हाईक सव्वीस वर्षं झाली, अजून पहिल्या धड्यावर आहे."

आता गंमत पाहा. अशा माणसाने पोटासाठी काय काम धरावं? तो इस्पितळाच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत पेशी मोजतो. रक्तातल्या पेशी मोजायला यंत्र आहे, पण पाठीच्या कण्यातून सुई घालून काढलेलं पाणी आलं, की ते त्याच्याकडे येतं. त्या पाण्यात पेशी असतात चार-दोन, आणि इतक्या थोड्यांवर तिथल्या यंत्राचा भरवसा नाही. मग एक जाड काच घ्यायची, तिच्यावर केसाहून बारीक रेषांनी कोरलेल्या नऊ चौकटी असतात, त्यांवर पाण्याचा थेंब सोडायचा आणि मायक्रोस्कोपला डोळा लावून एकेक चौकट पालथी घालायची. आणि हे करताना, देवाशपथ खरं, भिंगरी हलत नाही. गुडघा थांबतो. श्वाससुद्धा हळू होतो. फक्त डाव्या हाताचा अंगठा हातातल्या मोजणीच्या बटणावर टक्, टक्. दहा मिनिटांनी डोळा उचलला, की लगेच गुडघा सुरू.

अडचण एवढीच, की पाठीतलं पाणी काही रोज येत नाही. मधल्या वेळात भिंगरी प्रयोगशाळेत सापडेल तर शपथ. एकदा तिसऱ्या मजल्यावरची आपटणारी खिडकी बंद करायला गेला तो दीड तास आलाच नाही. एकदा जनरेटरच्या मिस्त्रीला पाना धरून देताना सापडला. दोन्ही वेळा प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंनी "जागेवर नसल्याबद्दल" लेखी चिठ्ठी दिली. या मोठ्या बाई म्हणजे डॉक्टर, आवाज मऊ, पण चिठ्ठी कडक. दुसरी चिठ्ठी देताना त्या म्हणाल्या होत्या, "तिसरी झाली तर मोजणी बंद. वरच्या खिडकीवर बसायचं."

खिडकी म्हणजे नमुने जमा करायची जागा. सकाळी आठ ते पाच, एक खुर्ची, एक काच, काचेला भोक. दुसऱ्या कोणाला ही बढती वाटली असती. भिंगरीला मात्र जन्मठेप वाटली. महिनाभर तो शिस्तीत वागला, म्हणजे भटकला, पण प्रयोगशाळेच्या आतल्या आत.

आणि आत भटकण्यातूनच पुढचं सगळं झालं.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर हार्डवेअरचं दुकान आहे. ते चालवतात खिळेवाल्या वहिनी, म्हणजे आपल्या पोस्टमनदादांची बायको. दुकानाच्या मागच्या भिंतीला तीनशेबारा ड्रॉवर आहेत आणि एकावरही चिठ्ठी नाही. कुणी म्हटलं, वहिनी, लेबलं लावा की, तर वहिनी म्हणायच्या, "लेबल लावलं की डोकं गंजतं." गिऱ्हाइकाने "ते हे असतं ना, खिडकीला खालून" एवढं म्हणायचा अवकाश, वहिनींचा हात बरोबर ड्रॉवरवर. कोपऱ्यात किल्ल्या कापायचं यंत्र. भिंगरी तर त्या दुकानात रोज एक चक्कर मारणारच, आणि वहिनी रोज विचारणार, "भाऊजी, काय हवंय?" हा म्हणणार, "काही नाही, सहज." वहिनी म्हणणार, "सहज संपलंय. उद्या येईल."

त्या रविवारी वहिनींना ताप आला आणि डोकं धरलं. सोमवारी तरी दुकान उघडलं. दुपारी शिवणकामवाल्या बाईंनी बिजागरी मागितली, तर वहिनींनी नळाची तोटी काढून दिली. बाई हसल्या. वहिनी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "रबर कुठे जळतंय? तुम्हाला वास येत नाही?" रबर कुठेच जळत नव्हतं. संध्याकाळी त्यांनी दादांना विचारलं, "हे पोस्टमन घरात का बसलेत?"

आमच्या जिन्याने लगेच निदान केलं. मुलगी गेल्या महिन्यात नोकरीसाठी लांब गेली, वहिनींनी मनाला लावून घेतलं, वरवर दाखवत नव्हत्या, आत खदखदत होतं, आता फुटलं. हे निदान करणाऱ्यांत कोण कोण होतं ते विचारू नका. पहिल्या पायरीपासून गच्चीच्या दारापर्यंत सगळे होते.

मंगळवारी सकाळी दादांनी त्यांना इस्पितळात नेलं. वॉर्डातला चष्मेवाला डॉक्टर तरुण असला तरी धांदरट नव्हता. ताप आहे, वागणं बिघडलंय, म्हणजे मेंदूत विषाणू शिरला असेल, अशी शंका धरून त्याने आधी विषाणूच्या औषधाचं सलाईन लावलं. मग डोक्याचा फोटो काढला, तो स्वच्छ. मग पाठीतून पाणी काढलं. त्यातला एक भाग विषाणू शोधायला दूरच्या मोठ्या प्रयोगशाळेत गेला, त्याचं उत्तर चार दिवसांनी. दुसरी नळी खाली तळघरात, पेशी मोजायला.

तळघरात त्या सकाळी भिंगरीला भिंतीवरच्या घड्याळाचा राग आला होता. घड्याळ टिकटिक करतं यात घड्याळाचा काय दोष, पण भिंगरीला त्यात मध्येच एक खरखर ऐकू येत होती. बाहेर जायची बंदी, हाताला काम नाही. त्याने घड्याळ उतरवलं, मागून खोललं, फुंकलं, तेलाचा अर्धा थेंब सोडला, परत बंद केलं, काटे अंदाजाने फिरवले आणि टांगलं. मग खाली पडलेला एक स्क्रू शोधायला शेजारच्या धुण्याच्या खोलीत गेला, कारण स्क्रू गडगडत तिकडे गेला असावा असं त्याला वाटलं. तिथे नळ गळत होता. पुढचं सांगायला नको.

परत आला तेव्हा स्टँडमध्ये नळी उभी होती. वर शिपायाने वेळ लिहिली होती: दहा वाजून दहा. भिंगरीने घड्याळ पाहिलं. पावणेअकरा. ठीक. पाठीतलं पाणी तासाच्या आत मोजायचं असा नियम आहे, कारण त्या पाण्यात पेशी फार तग धरत नाहीत, फुगतात आणि फुटतात. पस्तीस मिनिटं म्हणजे उत्तमच. तो बसला. गुडघा थांबला. नऊ चौकटी पाहिल्या, काच सरकवून दुसऱ्या बाजूच्या नऊ पाहिल्या. पुन्हा पाहिल्या. अंगठा एकदाही हलला नाही. त्याने वेळ लिहिली, आणि तिच्यापुढे: शून्य.

पाच वाजता भिंगरी निघाला. जिन्यात दादा भेटले, हातात वहिनींचा कंगवा आणि चपला.

"काय म्हणतायत वहिनी?"

"पाण्यात काही निघालं नाही. शून्य." दादा आयुष्यभर दुसऱ्यांच्या बातम्या पोचवत आले, ही स्वतःची कशी पोचवायची ते त्यांना कळत नव्हतं. "डॉक्टर म्हणाले, मेंदूला काही झालेलं दिसत नाही. मी त्यांना मुलीचं सांगितलं. तर म्हणाले, मनावरचा ताण असेल. उद्या सकाळी सलाईन काढून घरी सोडतील. झोपेच्या गोळ्या देतील."

"मग चांगलंच की."

"हो. चांगलंच." दादा दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. "ती मला पोस्टमन म्हणते. नावाने नाही, दादा नाही. अहो पोस्टमन."

त्या दिवशी तळघरात पाठीच्या पाण्याची एकच नळी आली होती. म्हणजे ती वहिनींची. भिंगरी जिना चढला तो जरा हलका होऊनच. शून्य म्हणजे चांगली बातमी, आणि ती त्याच्या हातची.

दार उघडताच बायको म्हणाली, "आज कुठे उंडारत होतात?"

"कुठे म्हणजे? पाचला निघालो तो सरळ घरी."

"पाचला? सहा वाजलेत."

"काहीतरीच काय. वीस मिनिटांचा रस्ता. आपलं घड्याळ पुढे असेल."

"माझं घड्याळ पुढे? माझे विद्यार्थी माझ्या घड्याळावर चालतात." तिने मनगट त्याच्या नाकासमोर धरलं. "तुम्ही पाचला निघालात तर वाटेत रांगत आलात की काय?"

भिंगरीने टेबलावरचं ताट उचललं, उभ्याने दोन घास खाल्ले, आणि ताट खाली ठेवलं. मग खिडकीपाशी गेला. परत आला. दाराशी गेला. परत आला.

"चाळीस मिनिटं," तो म्हणाला.

"काय चाळीस मिनिटं?"

"भिंतीवरचं घड्याळ. मी खोललं होतं. चाळीस मिनिटं मागे आहे." त्याने बोटांवर मोजलं. "पावणेअकरा नव्हते. सव्वाअकरा वाजून गेले होते. नळी तासाहून जास्त उभी होती."

"कुठली नळी?"

तो सांगायला लागला, आणि सांगताना खोलीच्या इतक्या फेऱ्या मारल्या की बायकोची मान दुखायला लागली. ऐकून तिने विचारलं, "म्हणजे त्यात पेशी होत्या आणि विरघळल्या?"

"तेच तर कळत नाही! पांढऱ्या पेशी सगळ्या सारख्या नसतात. न्यूट्रोफिल म्हणून एक जात असते, ती धावत पहिली येते आणि मरतेही पहिली. ती तासाभरात फुटायला लागते. दुसरी लिम्फोसाइट. ती चिवट. विषाणू असेल तर याच जास्त दिसायला हव्यात, आणि त्या तासा-सव्वातासात अशा सगळ्याच्या सगळ्या जायच्या नाहीत."

"मग झालं तर. त्या नव्हत्याच."

"पण मी शपथेवर सांगू शकतो का? नियम तासाचा आहे. तासानंतरच्या शून्याला शून्य म्हणायचं नाही. त्याला म्हणायचं, माहीत नाही. मी 'माहीत नाही'च्या जागी शून्य लिहिलं, आणि त्या शून्यावर उद्या सकाळी ते तिचं सलाईन काढणार. विषाणू खरंच असला ना, तर तो थांबत नाही. आज बिजागरी गेली. उद्या..." तो पुन्हा दारापाशी गेला.

"सांगितलंत तर तिसरी चिठ्ठी."

"हो."

"खिडकी."

"हो ना!"

बायकोने एकदा त्याच्याकडे, एकदा त्याच्या पायांकडे पाहिलं. मग गाडीची किल्ली घेतली. "चला. मोठ्या बाई साडेसहाला निघतात म्हणता ना?"

तिची गाडी म्हणजे शिकवायची गाडी. शेजारच्या सीटपुढेही ब्रेक आणि क्लच असतात, शिकवणाऱ्यासाठी. त्या सीटवर बसवला भिंगरीला. पहिल्या वळणावर गाडी भर रस्त्यात गचकन थांबली. मागच्याने भोंगा वाजवला.

"पाय काढा!"

"मी मुद्दाम नाही..."

दुसऱ्या चौकात पुन्हा. एक म्हातारा सायकलवाला आत डोकावून म्हणाला, "शिकाल, बाई, शिकाल. सावकाश." वीस वर्षं हजार माणसांना शिकवलेल्या बाईचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "पाय वर घ्या," ती दातओठ खात म्हणाली, "दोन्ही! मांडी घाला!" आणि असा हा गृहस्थ सीटवर मांडी घालून, गुडघे दोन्ही हातांनी दाबून, आपल्या पायांनी स्वतःच्या शिक्षेकडे जाणं लांबवू नये म्हणून त्यांनाच कैद करून इस्पितळात पोचला.

मोठ्या बाई आपल्या गाडीचं दार उघडत होत्या. भिंगरीने सगळं एका दमात सांगितलं. घड्याळ, खरखर, तेलाचा थेंब, स्क्रू, गळणारा नळ. गळणारा नळ सांगायची काही गरज नव्हती.

"म्हणजे तुम्ही जागेवर नव्हता," मोठ्या बाई म्हणाल्या.

"नव्हतो."

"आणि वेळ चुकीची लिहिलीत."

"घड्याळाने. म्हणजे मीच."

त्यांनी दार लावलं, पर्समधून फोन काढला आणि वॉर्डात लावला. चष्मेवाला डॉक्टर पलीकडून काय म्हणाला ते भिंगरीला ऐकू आलं नाही, पण अंदाज आला: पेशंट बाई घाबरलेली आहे, पुन्हा पाठीत सुई, कशासाठी? मोठ्या बाई मऊ आवाजात म्हणाल्या, "आमचा आजचा आकडा रद्द समजा. हो, रद्द. सलाईन चालू ठेवा. सकाळी पुन्हा पाणी काढा." मग फोन ठेवून भिंगरीला म्हणाल्या, "चिठ्ठी उद्या मिळेल."

बुधवारी सकाळी भिंगरी बायकोचं मनगटी घड्याळ बांधून वॉर्डाच्या दाराबाहेर उभा होता. उभा म्हणजे आपल्या पद्धतीने. सिस्टर दोनदा म्हणाली, "काका, फरशी झिजेल." आतून दादांचा आवाज येत होता, "हलू नकोस, झालं, झालं," आणि वहिनींचा, "पोस्टमन, खिडकी लावा, रबर जळतंय." नऊ वाजून वीस मिनिटांनी नळी त्याच्या हातात आली. लिफ्टची वाट पाहणं त्याच्या रक्तात नाहीच. बासष्ट पायऱ्या तो नळी मुठीत उभी धरून उतरला, आणि इतकी वर्षं ज्या पायांनी त्याला चिठ्ठ्या मिळवून दिल्या, त्यांनी नऊ वाजून बावीस मिनिटांनी त्याला खुर्चीपाशी आणून सोडलं.

मोठ्या बाई मागे उभ्या राहिल्या. त्याने काच पुसली, थेंब सोडला, पेशी खाली बसाव्यात म्हणून ठरलेली मिनिटं थांबला. ही मिनिटं त्याला कायम सगळ्यात जड जातात. मग डोळा लावला. गुडघा थांबला.

पहिली चौकट. टक्. टक्, टक्. टक्.

दुसरी. टक्, टक्, टक्, टक्, टक्, टक्.

एका बाजूला बावन्न. दुसऱ्या बाजूला चोपन्न. दोन्ही बाजू धरून हिशेब केला, तर एका घनमिलिमीटर पाण्यात एकोणसाठ, जिथे पाचसुद्धा नसाव्यात. उरलेल्या पाण्याची काच रंगवून पाहिली. गोल, काळसर, पोटभर केंद्रक असलेल्या. जवळजवळ सगळ्या लिम्फोसाइट.

"विषाणू," तो म्हणाला. "काल यांना मी मारलं, बाई. उभं ठेवून मारलं."

मोठ्या बाईंनी स्वतः डोळा लावून पाहिलं. बराच वेळ. मग म्हणाल्या, "नाही. या अशा मरत नाहीत, तुम्हालाही माहीत आहे. पाच-दहा गेल्या असत्या, एकोणसाठ नाही. कालचं शून्य खरंच होतं."

"मग?"

"काल त्या आल्याच नव्हत्या. या आजारात कधीकधी पहिल्या दिवसांत पाणी स्वच्छ निघतं. विषाणू आत, आणि बाहेरून मदत अजून वाटेवर. काल तुमच्याकडून चूक झाली नसती, तर आकडा शून्यच आला असता, आणि कुणी दुसऱ्यांदा सुई घातली नसती."

भिंगरीने काच उचलून बाजूला ठेवली. मग हळूच म्हणाला, "म्हणजे चिठ्ठी...?"

"चिठ्ठीचा याच्याशी काय संबंध?" मोठ्या बाई म्हणाल्या. "घड्याळ तुम्हीच खोललं होतं ना?"

सलाईन चालू राहिलं. दुपारी भिंगरी दादांना समजावत होता. वॉर्डाबाहेरच्या बाकावर दादा बसलेले, हा समोर येरझाऱ्या घालतोय.

"विषाणू ओठावर फोड आणतो त्यातलाच असावा. बहुतेकांच्या अंगात पडून असतो, काही करत नाही. लाखात एखाद्याच्या नसेतून मेंदूत चढतो."

"मग त्या तुमच्या पेशी इतक्या उशिरा का येतात? मी कधी एक दिवस उशिरा पत्र दिलं नाही."

भिंगरीने डोकं खाजवलं. "दुकानातलं किल्ल्यांचं यंत्र आठवा. आता समजा, कुलूप नवं आहे, कुणी पाहिलेलं नाही. आणि लिम्फोसाइट म्हणजे किल्ल्या, करोडो, प्रत्येकीचे दात वेगळे. त्यांतली या कुलपाला बसणारी एखादीच. आधी ती सापडायला हवी. सापडली, की तिच्यावरून हजारो कापायच्या. मग त्या मेंदूकडे पाठवायच्या, आणि मेंदूचा दरवाजा रक्तातल्या कुणालाही सहज आत घेत नाही. आतल्या राखणदार पेशी ओरडतात, तेव्हा कुठे तो किलकिला होतो. याला दिवस लागतात, दादा."

दादांनी मान हलवली. किल्ल्यांचं त्यांना पटलं.

पण शुक्रवारी वहिनींना झटका आला. हातपाय ताठ, डोळे वर. नंतर दिवसभर त्या कुणालाच ओळखेनात, पोस्टमनलाही नाही. दादांनी भिंगरीला जिन्यात गाठलं, पहिल्यांदाच आवाज चढवून: "आल्या ना तुमच्या पेशी? सलाईनही चालू आहे. मग ती जास्त का बिघडतेय?"

भिंगरी थांबला. खरोखर, एका पायरीवर दोन्ही पाय टेकून. "त्या आल्यात म्हणूनही असेल. कवटीत जागा नसते, दादा. विषाणू शिरलेल्या पेशींपाशी त्या जमतात, तिथे सूज येते, सुजेने चांगलंही दाबलं जातं. पायातली सूज बाहेर फुगते. डोक्यातली कुठे जाणार?"

"म्हणजे वाचवायला आलेलेच..."

"वाचवायलाच आलेत. पण मेंदूतल्या नसा तोडल्या तर पुन्हा येत नाहीत, हे त्यांनाही कसं कोण जाणे कळतं. जमेल तिथे त्या नस न मोडता विषाणू दाबतात. जमेल तिथे." तो इथे थांबला. जमत नाही तिथे काय, हे त्याने सांगितलं नाही, आणि दादांनी विचारलं नाही. ते खाली गेले. त्या दिवशी आमच्या जिन्यात कुणी निदान केलं नाही.

शनिवारी मोठ्या प्रयोगशाळेचं उत्तर आलं. तोच विषाणू. रविवारी वहिनींनी डोळे उघडून पाणी मागितलं. पुढच्या बुधवारी त्यांनी नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "दाढी करा." दादा जिन्यातल्या प्रत्येक दारावर थाप मारून ही बातमी देत गेले. त्यांच्या सगळ्या नोकरीत त्यांनी इतक्या घाईने काही पोचवलं नसेल.

सलाईन तीन आठवडे चाललं. भिंगरीला तिसरी चिठ्ठी वेळेवर मिळाली होती, आणि सोमवारपासून तो वरच्या खिडकीवर. नमुने देणाऱ्या लोकांना काचेपलीकडे एक माणूस दिसे, जो कंबरेपासून वर अगदी शांत असे, आणि खालून कुठून तरी खट्, खट्, खट् असा आवाज येत राही. खुर्चीच्या पायांच्या रबरी टोप्या झिजल्या होत्या. दर पाच मिनिटांनी स्टँडमधल्या नळ्या किणकिणत. मोठ्या बाईंना तक्रार गेली. त्या वर आल्या, दाराशी उभं राहून ऐकलं, आणि म्हणाल्या, "टोप्या बदला." आणि जाता जाता, जणू आठवण झाली म्हणून, "पाठीचं पाणी आलं की मात्र तुम्हीच खाली यायचं. दुसऱ्या कुणाचा आकडा मला पटत नाही. आणि वॉर्डातून नळी आणायलाही तुम्हीच जा. लिफ्टला वेळ लागतो."

"आणि खिडकी?"

"बाकी वेळ खिडकी."

दोन महिन्यांनी दुकान उघडलं. वहिनी बारीक झाल्या होत्या आणि बोलताना मध्येच अडखळत. वस्तू समोर दिसायची, नाव यायचं नाही. दादा शेजारी स्टुलावर बसत आणि नाव पुरवत. जिनाही पुरवत असे. "बिजागरी, वहिनी!" "खिटी, खिटी!" आपण फार उपयोगी पडतोय अशा थाटात. एका दुपारी वहिनींनी हातातली हातोडी गल्ल्यावर आपटली आणि जाहीर केलं, "आता कुणी सांगायचं नाही. जो सांगेल त्याला माल नाही."

तेव्हापासून दुकानात गर्दी कमी झाली. तिथे जायचं म्हणजे उभं राहायचं, आणि लोकांना घाई असते.

भिंगरी गेला तो संध्याकाळी कामावरून येताना. खिशातून झिजलेली रबरी टोपी काढून गल्ल्यावर ठेवली. "अशा चार."

वहिनींनी ती उचलली, फिरवली. "खुर्चीची."

"हो."

"ह्याला..." त्यांचे ओठ हलले. दादांनी स्टुलावरून तोंड उघडलं, वहिनींनी नुसतं पाहिलं, दादांनी तोंड मिटलं. वहिनी मागे वळल्या. हात भिंतीवरून फिरला, तीनशेबारा ड्रॉवरांवरून, एकदा चुकला आणि खुंट्या निघाल्या, मग खाली डावीकडे गेला आणि बरोबर थांबला. चार टोप्या, त्याच मापाच्या. त्या गल्ल्यावर आल्या, पण वहिनींचा हात त्यांच्यावरच राहिला.

"नाव सांगते. थांबा."

भिंगरीला नाव माहीत होतं. जिभेच्या टोकावर होतं, दातांना आतून धडका देत होतं. बाहेर बायको गाडीत बसून भोंगा वाजवत होती. एकदा. मग दोनदा. दादा छताकडे पाहत होते. रस्त्यावरून कुणी हाक मारली. भिंगरीने दोन्ही हातांनी गल्ल्याची कड धरली, जशी मोजताना टेबलाची धरतो तशी, आणि वहिनींच्या तोंडाकडे पाहत राहिला.

गुडघा थांबला होता.

"टो..." वहिनी म्हणाल्या. आणि थांबल्या. आणि मग, "टोपी. टोप्या. चार."

"चार," भिंगरी म्हणाला.

"आणखी काय हवंय, भाऊजी?"

"काही नाही. सहज."

वहिनींनी कपाळाला आठ्या घातल्या, बराच वेळ शोधलं, आणि सापडलं. "ते," त्या म्हणाल्या, "संपलंय."